गणपतीच्या पोटातली कॅसेट

आमच्या ‘खाजण’ बँडची टेप ऐकली आहे असं सांगणारी माणसं दरवर्षी वाढतायत. रोह्याच्या बाजारातला एक चष्मेवाला सांगतो, धाटावला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हर ती रोज लावायचा. माझ्या नणंदेचा मुलगा डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर आहे. तो सांगतो, त्याच्या मित्राच्या काकांकडे आहे, पण काका कुणाच्या हाताला लागू देत नाहीत. अरे, किती थापा माराल? ती टेप आख्ख्या जगात चौघांनी ऐकली. तिघं वाजवणारे आणि चौथी मी, बटण दाबणारी. त्यातला एक गेला. एक आखातात गेला तो तिकडचाच झाला. उरलो मी आणि माझा दादा.

मागच्या महिन्यात पुण्याहून एका मुलीचा फोन आला. लहान गावांतल्या बँडच्या, कधीच बाजारात न आलेल्या टेप ती शोधत फिरते. मला मॅडम म्हणाली, तिथेच मी जरा बिथरले. म्हटलं, “बाई, रिलीज झालेली गाणी ढिगाने पडली आहेत, ती ऐक ना. आमच्या कच्च्या टेपमध्ये काय ठेवलंय?” ती चिडली नाही. म्हणाली, “रिलीज झालेलं गाणं सगळ्यांसाठी म्हटलेलं असतं, मॅडम. डेमो ऐकताना वाटतं, आपण दाराआड उभे आहोत आणि आत कुणाला माहीतच नाही.”

मी फोन ठेवून दिला. जेवण गेलं नाही त्या दिवशी. कारण पोरगी खरं बोलली होती, आणि दाराआड उभं राहण्याचं ते वेड काय करून ठेवतं हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

चार दिवसांनी मी पेणला गेले. दादा जुनी शेड पाडणार आहे, तेवढं निमित्त पुरलं. पेणमध्ये कारखाना म्हटलं की तो गणपतीचा. धूर सोडते ती कंपनी. आमचा कारखाना घराच्या मागेच, पत्र्याचा, लांबट. आता मोठं काम हमरस्त्याकडच्या नव्या जागेत चालतं. या शेडमध्ये मोडके साचे आणि रिकामे डबे तेवढे उरलेत. दार ढकललं आणि वास आला. ओलं प्लास्टर, भाताचा पेंढा, डिंक आणि डिस्टेंपर. बाई गं, नाकाला वय नसतं. मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

आमच्या लहानपणी या शेडमध्ये श्रावण आला की पाय ठेवायला जागा नसायची. फळ्यांवर फळ्या आणि त्यावर ओळीने गणपती, आधी पांढरे, मग अंगाच्या रंगाचे, मग पितांबर ल्यालेले. डोळे सगळ्यांत शेवटी. डोळ्यांची आखणी बाबा स्वतः करायचे आणि तेव्हा आम्हाला मोठ्याने श्वास घ्यायचीही चोरी. आई पोह्याचे पापड लाटत असली तर लाटणं थांबवून बसायची. त्या घरात दादाने गिटार आणली! बाबा म्हणाले, “वाजव, वाजव. गणपती उठून जातील तुझे.”

दादाबरोबर मुश्ताक. तो रोह्याचा, लग्नाच्या बँडमधला ड्रम मागून आणायचा. आणि हरेश. हरेश खाडीकडच्या गावातला, घरचं मिठागर, पण तो धाटावला कंपनीत लागला होता आणि रोह्यात खोली घेऊन राहायचा. सुट्टीच्या दिवशी एसटी पकडून पेणला यायचा. हात साबणाने कितीही घासले तरी कंपनीचा वास जायचा नाही, म्हणून आमच्याकडे जेवताना हात मागे लपवायचा आणि आई ओरडायची, “आता काय पायाने जेवतोस काय रे?”

आवाज गोड नव्हता त्याचा. मिठागरात फळीने मीठ ओढतात ना, तसा खरखरीत. पण तो गायला लागला की माझ्या हातातलं काम हातातच राहायचं. माझं मन होतं त्याच्यावर. बावन्न वर्षांची बाई मी, आता लाजू कशाला? तेव्हा मात्र हे कुणाला सांगितलं नाही, त्याला तर नाहीच.

गाणी झाली ती पोपटीला. माघातल्या संध्याकाळी शेतात मडकं लावायचं, आत वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि वरखाली भांबुर्डीचा पाला. मडक्याभोवतीचा जाळ धडधडत असताना हरेश मांडीवर ठेका धरून काहीतरी बडबडायचा आणि दादा त्यात सूर शोधायचा. शिफ्टवर गाणं, खाडीकाठच्या खाजणात, भरतीच्या पाण्यात बुडालेल्या बांधावर गाणं, मावशीने पळवून लावलेल्या मांजरावरही एक गाणं. सगळी त्याच्या घरच्या बोलीत. आमच्याकडे कुणी असं गात नव्हतं. कुणाला आवडतही नव्हतं. सार्वजनिक उत्सवात एकदा वाजवलं तेव्हा अध्यक्ष येऊन म्हणाले, “पोरांनो, आता आरती घेऊ या का?” आम्ही घरी येईपर्यंत हसत होतो.

पहिलं गाणं होतं मिठाचं. “पानी आटलं, मीठ झालं, माजं काय झालं?” एवढीच ओळ, पुन्हा पुन्हा. भांबुर्डीचा वास आजही कुठे आला की ती ओळ येते. शब्दच येतात नुसते.

टेप केली ती आषाढातल्या आवसेला. आमच्याकडे आवसेला कुणी कुंचला उचलत नाही. बापजाद्यांपासून चालत आलेलं. कारागीर आपापल्या गावी गेले होते आणि बाबा गागोद्याला आत्याकडे. वर्षाच्या ऐन धंद्यात शेड दिवसभर मोकळी मिळायची ती त्या एकाच दिवशी. शिवाय दादाने एक गोष्ट हेरली होती. शेड रिकामी असली की पत्र्याखाली आवाज घुमतो, पण गणपतींनी आणि पेंढ्याने भरली की घुमत नाही. मुंबईतल्या स्टुडिओत भिंतींना गाद्या लावतात म्हणे. आमच्याकडे गणपती होते. अजून डोळे न आखलेले, ओळीने बसून ऐकत होते.

मुश्ताकच्या चुलत्यांचा टू-इन-वन पेंढ्याच्या गठ्ठ्यावर ठेवला. एकच माइक, तो बांबूला सुतळीने बांधला. रेकॉर्डचं आणि प्लेचं बटण एकदम दाबायचं काम माझं. दाबलं की मी म्हणायचे, “चालू.” दर गाण्याआधी टेपवर माझा तो आवाज आहे, शाळेतल्या बाईंसारखा.

काय काय आलं त्या टेपमध्ये! पत्र्यावरची झिमझिम. हमरस्त्यावर एसटीचा हॉर्न. मुश्ताकच्या हातून काठी पडली ती. दुसऱ्या गाण्यात हरेश मध्येच थांबून म्हणतो, “चुकलो रं,” आणि हसून तिथूनच पुढे उचलतो. चौथ्या गाण्यात तर आईच आली. घरातून तिची हाक, “जेवाला येता का नाय?” आणि हरेशने सूर न सोडता ते गाण्यातच घातलं, “येतो गो आये, येतो गो आये.” दादा म्हणाला हे पुन्हा करू या. मी म्हटलं, खबरदार हात लावशील तर.

संध्याकाळी चौघांनी बसून एकदा पूर्ण ऐकली. मुश्ताक डोळे पुसत होता आणि म्हणत होता, प्लास्टर गेलं डोळ्यात.

दादरला एक गृहस्थ होते, कॅसेटच्या कंपनीत कामाला. त्यांच्या घरचा गणपती वर्षानुवर्षं आमच्याकडून जायचा. ते दादाला म्हणाले होते, पाठव, मी साहेबांना ऐकवतो. आता पाठवायची कशी? पोस्टाने? दादा म्हणाला, “पोस्टात पार्सल आपटतात. गणपतीला कोण आपटंल?” प्लास्टरची मूर्ती आतून पोकळ असते. आमच्या ट्रकमधून त्यांची मूर्ती जाणारच होती. तिच्या पोटात कॅसेट ठेवायची, पेंढा भरायचा, खालून कागद चिकटवायचा आणि वेगळं पत्र टाकून कळवायचं की मूर्तीच्या पोटात बघा. मूर्तिकाराच्या मुलालाच सुचणार असलं काही. आम्हाला तेव्हा त्यात काही वेडेपणा वाटला नाही. ट्रक उलटला तरी कारागीर आधी गणपती उचलतात, मग स्वतः उठतात. त्याहून सुरक्षित जागा कुठली?

पण आधी कॉपी करायची होती. बाबांच्या कानावर जाऊ नये म्हणून पेणमध्ये नको, रोह्यात हरेशच्या ओळखीचं दुकान होतं, दोन कॅसेट लावायच्या डेकचं. मी मावशीकडे रोह्याला जाणारच होते. दादाने कॅसेट रुमालात बांधून दिली. म्हणाला, “एक कॉपी करून आण. हरवशील तर बघ हां.”

मी दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “आज लई काम हाय. ठेवून जा, उद्या सांजच्याला ने.”

ठेवून जा! मी तिथल्या बाकड्यावर बसून राहिले. ती कॅसेट त्या माणसाच्या टेबलावर, लग्नाच्या आणि भजनाच्या कॅसेटींच्या ढिगात एक रात्र आणि एक दिवस राहणार, आणि मग ती आमची राहणारच नव्हती. दादरला जाणार, साहेब ऐकणार, लोक ऐकणार. हरेशचं ते “चुकलो रं” सगळ्यांचं होणार. माझ्याकडे ती फक्त दोन दिवस होती. मला नाही ठेववली हो. मी उठले आणि कॅसेट घेऊन मावशीकडे आले.

दोन दिवस दुपारी मावशी झोपली की मी आतल्या खोलीला कडी लावायचे आणि तिच्या टेपरेकॉर्डरला कान लावून ऐकायचे. कुंडलिकेला पाणी चढलं होतं, सगळा गाव पूल बघायला गेला, मी गेले नाही. किती वेळा ऐकली कुणास ठाऊक. गाण्यांपेक्षा गाण्यांच्या मधलंच जास्त. तो श्वास घेतो ते. कुणाला तरी हळूच “पाणी दे गो” म्हणतो ते. ते मला म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी घरी आले. दादाने विचारलं, “केली?” मी म्हटलं, “केली. मागच्या खोलीत ठेवली.”

ट्रक भरायच्या दिवशी मूर्तीच्या पोटात कॅसेट ठेवून पेंढा मीच भरला. दादाच्या हातांपेक्षा माझे हात बारीक.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी त्या दादरच्या गृहस्थांची आई वारली. घरात सुतक. सुतकात गणपती आणत नाहीत. त्यांनी दादरला आमच्या मूर्ती विकणाऱ्याला निरोप दिला, यंदा आमची मूर्ती दुसऱ्या कुणाला द्या. आदल्या संध्याकाळी एक कुटुंब घाईघाईने आलं, मूर्ती आवडली, घेऊन गेलं. नाव नाही, पत्ता नाही. दादाचं पत्र त्या दुःखाच्या घरात तसंच पडून राहिलं. देवाला कोण उलटा करून बघतो? दीड दिवस म्हणा, पाच दिवस म्हणा, आमची गाणी कुणाच्या तरी घरी मखरात बसली, मोदक बघितले, आरत्या ऐकल्या आणि समुद्रात गेली.

नवरात्रात ते गृहस्थ स्वतः पेणला आले आणि दादापुढे हात जोडून उभे राहिले. त्यांना काय बोलणार? त्यांची तर आई गेली होती. ते गेल्यावर दादा माझ्याकडे वळला. म्हणाला, “बरं झालं कॉपी हाय ती. आण.”

मी म्हटलं, “मागच्या खोलीत पुराचं पाणी शिरलं ना रे, त्यात भिजली. मी फेकून दिली.” एवढं झटकन कुठून आलं माझ्या तोंडात, देव जाणे. पाणी खरंच शिरलं होतं, म्हणून खोटं चांगलं बसलं. दादा म्हणाला, “बरं.”

पुढच्या वैशाखात हरेश गेला. कसा, ते मी लिहिणार नाही. त्याच्या आईने मिठागराच्या बांधावर बसून जे केलं तेही लिहिणार नाही. त्याचा फोटो आहे आमच्याकडे, एक सोडून तीन. फोटोचं काय करू? फोटो गात नाही.

हे सगळं मी उंबऱ्यावर बसल्या बसल्या मनातून काढत होते, तेवढ्यात दादा चहा घेऊन आला. साठीला टेकलाय, गुडघे दुखतात, साच्यावर बसला. मी त्याला पुण्याच्या मुलीचं सांगितलं. तो हसला. म्हणाला, “तिला बोल, चष्मेवाल्याला भेट.” मग जरा वेळाने आपणच गुणगुणायला लागला. पानी आटलं, मीठ झालं.

मी म्हटलं, “असं नव्हतं रे. ‘मीठ’वर खाली यायचा तो.”

“खाली कुठं? वर जायचा.”

“अरे, मी दोन दिवस ऐकलंय.”

“आनि मी वाजवलंय गो.”

मी माझ्यासारखं म्हणून दाखवलं. त्याने त्याच्यासारखं. दोन वेगळीच गाणी निघाली. पुन्हा म्हटलं, तर माझंच मला पहिल्यासारखं येईना. कितीतरी वर्षं मी समजत होते की दुसरं काही नसलं तरी माझ्या कानात ते जसंच्या तसं आहे. नव्हतं. कधी निघून गेलं तेही कळलं नाही. कुणाचं बरोबर हे विचारायला कुणीच नव्हतं.

मग मला राहवेना. म्हटलं, “दादा, कॉपी पुरात गेली नव्हती. मी केलीच नव्हती.”

त्याने कप खाली ठेवला. “माहीत हाय मना.”

“कवापासून?” माझ्याही तोंडात घरची बोली आली.

“तवापासूनच. ते दादरचे येऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आनि हरेश त्या दुकानात गेलेलो. म्हटलं, त्याच्याकडं चुकून एखादी ऱ्हायली असंल. तो बोलला, पोरगी आलेली, बाकड्यावर लई वेळ बसली आनि कॅसेट घेऊन गेली परत.”

“हरेशला पण माहीत होतं?”

“व्हय तर. हसायला लागला तो. मी तापलेलो, घरी जाऊन तुला विचारनार व्हतो. तर माझा हात धरला. बोलला, ‘विल्या, तिला काय बोलू नको. मी सांगतो तिला, असू दे. परत गाऊ, नवी गाऊ.’ म्हनून तर यायचा तो नंतर.”

“मग सांगितलं का नाही मला?”

दादा अगदी हळू म्हणाला, “तू भेटलीस कवा त्याला?”

नाही भेटले. नवरात्रापासून वैशाखापर्यंत एकदाही नाही. तो सुट्टीच्या दिवशी यायचा, ओटीवर बसायचा, आणि त्याची चप्पल वाजली की मी माळ्यावर पळायचे. मला वाटायचं, हा कॉपी मागायला आलाय. दादाशी खोटं बोलले, याच्या तोंडावर बोलता येणार नव्हतं. आईला सांगून ठेवलं होतं, मी मैत्रिणीकडे गेले म्हणून सांग. आई बिचारी काय समजली असेल ती समजली, दरवेळी सांगायची, “नाय रे, आत्ताच गेली बघ.” तो म्हणायचा, “बसतो जरा.”

त्यानंतर पुण्याच्या मुलीचे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. तिला काय सांगू? टेप नाही आणि चालही नाही?

त्या दिवशी शेडमधून उठण्याआधी मी दादाला विचारलं, हरेश शेवटचा कधी आला होता. दादा म्हणाला, होळीच्या आधी, नवं गाणं घेऊन आलेला, तुला ऐकवायचं बोलत होता. ती दुपार मला चांगली आठवते. मी माळ्यावर साच्यांच्या मागे होते. फळ्यांच्या फटीतून त्याचे केस दिसत होते, आईने दिलेला तांब्या त्याच्या पायाशी होता, आणि तो ओटीवर एकटाच बसून मोठमोठ्याने गात होता. वर ऐकू यावं म्हणूनच गात असणार, हे मला आता कळतंय. तेव्हा तो आवाज मला सोसवेना. तो जाईपर्यंत मी दोन्ही कान घट्ट दाबून बसले होते.